बिंदूंचा हिशेब आणि प्रक्षेपाचा प्रश्न

संगणकावरील खेळांचा इतिहास सांगणारे बहुधा खेळांच्या नावांची माळ ओवतात. आम्ही येथे तो एका आकड्याच्या आधाराने पाहू इच्छितो. पडद्यावर आडवे बिंदू किती आणि उभे किती, हे सांगणारा हा आकडा. विज्ञानाच्या परिभाषेत त्याला विभेदन असा शब्द आहे. पण दुकानात तो कोणी उच्चारत नाही, आणि हा विषय दुकानाशी फार जवळून बांधलेला आहे, म्हणून आम्हीही रेझोल्यूशनच म्हणू. साहित्याच्या अभ्यासकाने या आकड्याच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्यावर आमचे म्हणणे असे, की हा आकडा जसजसा वाढत गेला तसतशी जुन्या कृतींची नवी संहिता सिद्ध होत गेली. ती कोणी सिद्ध केली आणि कशाच्या आधारे, याची नोंद मात्र क्वचितच ठेवली गेली. संहितेचे हे असे वागणे आपल्याला नवे नाही.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या रंगीत कार्डावर ३२० × २०० बिंदू आणि त्यांत एका वेळी चार रंग मिळत. १९८७ च्या व्हीजीए कार्डाने रंग २५६ वर नेले, पण ते याच ३२० × २०० च्या मापात. ६४० × ४८० हे दुप्पट स्पष्ट मापही त्या कार्डाला येत होते. तेथे मात्र रंग फक्त १६. असे का, याचे उत्तर कलेत सापडत नाही, गुणाकारात सापडते. एका बिंदूला एक बाइट धरली तर ३२० × २०० च्या चित्राला ६४,००० बाइट लागतात. त्या काळच्या इंटेल प्रोसेसरची मेमरी ६५,५३६ बाइटच्या तुकड्यांत विभागलेली असे, आणि हे चित्र अशा एका तुकड्यात नेमके मावे. ६४० × ४८० चे चित्र तितक्याच रंगांत काढायचे तर ३,०७,२०० बाइट हव्यात, आणि साध्या व्हीजीए कार्डावरची सारी मेमरी होती २,६२,१४४ बाइट. तेव्हा खेळ रचणाऱ्यांनी रंग निवडले आणि बिंदू सोडले. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ याच ३२० × २०० मध्ये चालतो. ज्यांची यंत्रे मंद होती ते खेळाची चौकट आणखी आक्रसून घेत आणि पडद्याच्या मधोमध एखाद्या टपाल तिकिटाएवढ्या खिडकीतून तो खेळत.

या मापात एक बारकावा आहे. पडदा ४:३ प्रमाणाचा होता, बिंदूंचे प्रमाण मात्र ८:५. त्यामुळे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा थोडा उंच, सुमारे सव्वापट, दिसे. चित्रकाराने चेहरा काढला तो हा उंचपणा गृहीत धरून. आजच्या सपाट पडद्यावर बिंदू चौरस असतात. दुरुस्ती न करता जुना खेळ त्यावर लावला तर सगळी माणसे ठेंगणी दिसतात. मूळ फाइलमधला एकही बिंदू बदललेला नसतो, तरी चित्र बदललेले असते. ओवी गद्यासारखी सलग वाचून टाकावी आणि शब्द तर सगळे तेच आहेत असे म्हणावे, तसे काहीसे.

दूरचित्रवाणीला जोडायच्या खेळयंत्रांत हे अवलंबन अधिक खोल होते. १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये धबधबे आहेत. फाइल उघडून पाहिली तर त्यांत उभ्या पट्ट्या दिसतात: एक पट्टी पाण्याची, एक मोकळी, पुन्हा पाण्याची. साध्या टीव्ही-केबलमधून जाताना या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक भासे. म्हणजे केबलचा दोष हाच कलावंताचा रंग होता. आज तेच चित्र धारदार पडद्यावर पाहिले की धबधब्याच्या जागी गज दिसतात. स्पष्टता वाढली आणि अर्थ गेला.

बिंदूंचा बाजार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९९६ मध्ये. सॅन होजे येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या थ्रीडीएफएक्स या कंपनीचे व्हूडू हे कार्ड त्या वर्षी आले. मेमरीचे भाव त्याच सुमारास कोसळले होते. एरवी हे कार्ड घरगुती गिऱ्हाइकाच्या आवाक्यात येते ना. ते नुसते त्रिमिती चित्रेच काढी, बाकीच्या कामांसाठी जुने कार्ड ठेवावेच लागे, आणि दोन्हींच्या मध्ये एक छोटी केबल जोडावी लागे. त्यावर चार मेगाबाइट मेमरी होती, पैकी दोन चित्रासाठी आणि दोन भिंती-जमिनींच्या पोतासाठी. आता पुन्हा गुणाकार करू. पडद्यावर दिसणारे चित्र, मागे तयार होत असलेले दुसरे चित्र, आणि कोणती वस्तू पुढे व कोणती मागे याची नोंद, असे तीन थर. प्रत्येक बिंदूला प्रत्येक थरात दोन बाइट. ६४० × ४८० ला हे सारे १८ लाख ४३ हजार बाइटांत बसते; दोन मेगाबाइट म्हणजे सुमारे २० लाख ९७ हजार. ८०० × ६०० ला २८ लाख ८० हजार लागतात, ते बसत नाही. व्हूडू ६४० × ४८० ला थांबले त्याचे कारण एवढेच. १९९८ च्या व्हूडू २ ला चित्रासाठी चार मेगाबाइट मिळाले, तेव्हा ८०० × ६०० आले, पण १०२४ × ७६८ पुन्हा थोडक्यात हुकले. त्यावर कंपनीने काढलेली तोड आम्हांला फार आवडते: दोन कार्डे घ्या, एक पडद्यावरच्या सम ओळी काढील, दुसरे विषम. ज्याला पुढचे माप हवे त्याने यंत्राचा मोबदला दोनदा मोजावा.

येथून पुढे रेझोल्यूशन हे चलनी नाणे झाले. परीक्षणे लिहिणारे ६४०, ८००, १०२४ असे रकाने आखून प्रत्येक कार्डाचा वेग मोजू लागले आणि गिऱ्हाईक त्या रकान्यांत आपली जागा शोधू लागले. आमच्या मते याचा एक सूक्ष्म परिणाम टीकेवर झाला. चित्र ‘चांगले’ आहे म्हणजे काय, याचे उत्तर मोजता येण्याजोग्या गोष्टीकडे सरकले. प्रकाशयोजना, रचना, रंगसंगती यांना रकाना नव्हता. थ्रीडीएफएक्सला स्वतःला ही शर्यत झेपली नाही. डिसेंबर २००० मध्ये तिची मालमत्ता प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने विकत घेण्याचे ठरले.

आपल्याकडे याच काळात शहराशहरांतल्या सायबर कॅफेंत पंधरा इंची सीआरटी मॉनिटरांवर मुले ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेली ती यंत्रे. तेथे मोठ्या मापाचे कौतुक नव्हते, खेळ अडखळू नये एवढीच इच्छा होती. पण ही केवळ गरिबीची गोष्ट म्हणून सोडून देणे चूक ठरेल. या खेळातले व्यावसायिक खेळाडू, ज्यांना हवे ते यंत्र मिळू शकते, त्यांच्यातले पुष्कळ जण आजही १२८० × ९६० सारखे जुने ४:३ माप रुंद पडद्यावर ताणून वापरतात. समोरची आकृती त्यामुळे रुंद दिसते आणि चित्रे अधिक वेगाने बदलतात. सीआरटीचे तर गणितच असे होते, की ओळी कमी केल्या तर पडदा सेकंदाला अधिक वेळा रंगवता येई. जो सर्वांत बारकाईने पाहतो तोच कमी बिंदू मागतो, हे जाहिरातीच्या चौकटीत बसणारे सत्य नव्हे.

सीआरटी गेला आणि सपाट एलसीडी आला, हा बदल बहुतेकांनी टेबलावरची जागा वाचली म्हणून लक्षात ठेवला आहे. बदल त्याहून मोठा होता. सीआरटीला ठरावीक असे एकच माप नसते. ६४० असो वा १०२४, किरण त्या त्या प्रमाणात फिरे आणि चित्र आपल्या परीने नीट दिसे. एलसीडीचे बिंदू कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. १२८० × १०२४ च्या पडद्यावर ८०० × ६०० चे चित्र लावले की यंत्राला मधले बिंदू कल्पनेने भरावे लागतात. या भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो इंटरपोलेशन. आणि संहितेत मागाहून घुसडलेल्या मजकुरालाही, ज्याला आपण प्रक्षेप म्हणतो, इंग्रजीत तोच शब्द आहे. हा योगायोग आम्ही पुढे पुन्हा उपयोगात आणणार आहोत.

पडद्यांची मापे पुढे खेळाडूंनी ठरवली नाहीत. २००८-१० च्या सुमारास संगणकाचे १६:१० पडदे मागे पडत गेले आणि १६:९ आले, कारण काचेचे मोठे पत्रे टीव्हीच्या प्रमाणात कापणे कारखान्यांना परवडे. १९२० × १२०० हे माप पाहिलेल्यांना १९२० × १०८० वर उतरावे लागले. १२० ओळी गेल्या आणि त्याला ‘फुल एचडी’ असे भारदस्त नाव मिळाले. तंत्राची उणीव होती असेही नाही. २००१ मध्येच आयबीएमने ३८४० × २४०० बिंदूंचा २२ इंची पडदा विकायला काढला होता. त्याची किंमत वीस हजार डॉलरांच्या वर, चार-चार केबली जोडाव्यात तेव्हा सेकंदाला कशीबशी ४१ चित्रे. डॉक्टरांनी आणि नकाशे काढणाऱ्यांनी वापरावा अशी ती वस्तू होती. शक्य असणे आणि रुळणे यांमध्ये दशकाहून अधिक अंतर पडले.

आकडा आणि चित्र यांची फारकत प्रथम उघडी पडली ती टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांत. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आले ते ‘हाय डेफिनिशन’चा डंका पिटत, १२८० × ७२० ही किमान पायरी ठरवलेली होती. २००७ मध्ये ‘हेलो ३’ आला आणि चित्रातले बिंदू मोजण्याची हौस असलेल्या काही खेळाडूंच्या ध्यानात आले, की तो खेळ प्रत्यक्षात ११५२ × ६४० इतकाच काढला जातो व मग ताणून ७२० ओळींचा केला जातो. गदारोळ झाला. बंजी या निर्मात्या संस्थेने मोकळेपणाने खुलासा केला: प्रखर उजेड आणि गडद सावली दोन्ही एकाच दृश्यात नीट दिसावीत म्हणून एका चित्राऐवजी दोन चित्रे साठवावी लागतात. यंत्रातली चित्रासाठीची जलद मेमरी दहा मेगाबाइट. दोन चित्रे आणि खोलीची नोंद मिळून प्रत्येक बिंदूला बारा बाइट. ७२० ओळींना सुमारे १ कोटी १० लाख बाइट लागतात, आणि दहा मेगाबाइट म्हणजे १ कोटी ५ लाखांच्या आत. ६४० ओळींना ८८ लाख पुरतात.

या प्रकरणात आम्ही निःसंकोचपणे बंजीच्या बाजूने आहोत. आकाशातला उजेड की ऐंशी ओळी, हा कलावंताने करावयाचाच निर्णय होता. पण बाजाराने खोक्यावर संख्या छापून ठेवली होती, त्यामुळे तो निर्णय फसवणुकीसारखा दिसला. २०१३ मध्ये हाच तंटा नव्या यंत्रांवर झाला. ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ प्लेस्टेशन ४ वर १०८० ओळींत चाले आणि एक्सबॉक्स वनवर ७२० ओळींत, महिनोन्‌महिने चर्चा त्या दोन आकड्यांची, खेळाची नव्हे.

पुढे ४के आले. ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू, १०८०च्या बरोबर चौपट. २०१३ मधल्या पहिल्या ४के मॉनिटरांपैकी काही तर संगणकाला दोन अर्धे पडदे म्हणूनच ओळख देत, कारण एकसंध चित्र सेकंदाला साठ वेळा वाहून नेणारी सोय त्यांत नव्हती. त्या वर्षी एचडीएमआयची दुसरी आवृत्ती आली आणि ती अडचण हळूहळू सरली. टीव्हीच्या दुकानांतून १०८०चे पडदे झपाट्याने मागे पडले. खेळाच्या संगणकांत मात्र उलटे घडले. स्टीम या विक्रीमंचाच्या वापरकर्त्यांच्या पाहणीत २०२४ मध्येही निम्म्याहून अधिक लोक १९२० × १०८० वरच होते, आणि ३८४० × २१६० वापरणारे शंभरात पाचही नव्हते. चित्र चौपट करायचे तर मेहनत जवळजवळ चौपट, आणि ती करणाऱ्या कार्डांच्या किमती नाण्यांच्या खाणकामामुळे व टंचाईमुळे २०२० ते २०२२ या काळात जाहीर किमतीच्या कितीतरी वर गेल्या होत्या. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यावर २०२० मध्ये ८के असेही छापलेले होते. तेवढ्या बिंदूंत काढलेला खेळ शोधायला निघालेल्याची निराशाच व्हायची.

गिऱ्हाईक आकडा मागते आणि यंत्राला तो परवडत नाही, या पेचातून जो मार्ग निघाला तोच आमच्या लेखाचा खरा विषय. सप्टेंबर २०१८ मध्ये एनव्हिडियाने डीएलएसएस नावाची युक्ती बाजारात आणली. खेळ कमी बिंदूंत काढायचा आणि उरलेले बिंदू, पुष्कळ चित्रांवर शिकवून तयार केलेल्या गणिती प्रतिमानाने भरायचे. पहिली आवृत्ती धूसर होती. २०२० ची दुसरी आवृत्ती आधीच्या चित्रांतून माहिती गोळा करू लागली आणि परिणाम थक्क करणारा झाला. एएमडीनेही २०२१ मध्ये आपली तऱ्हा आणली. ४के पडद्यावर १०८०चे चित्र फुलवताना चार बिंदूंतला एकच प्रत्यक्ष काढलेला असतो. २०२२ पासून दोन चित्रांमधले अख्खे चित्रही कल्पनेने भरले जाऊ लागले, आणि २०२५ मध्ये एका खऱ्या चित्रामागे तीन कल्पित चित्रे अशी मजल गेली. दोन्ही एकत्र वापरली तर पडद्यावरच्या सोळा बिंदूंपैकी एक काढलेला, पंधरा अंदाजाने भरलेले.

अंदाज करणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की संपादकालाही जेथे पोथ्या साथ देत नाहीत तेथे तर्क करावा लागतो. पण तो आपला तर्क खूण करून वेगळा दाखवतो आणि पाठभेद पानाच्या तळाशी देतो. शिवाय त्याच्यापाशी एक जुना नियम असतो: दोन पाठांपैकी जो कठीण, अनपेक्षित, तो मूळचा असण्याचा संभव अधिक, कारण लेखनिकाचा कल सोपे करण्याकडे असतो. बिंदू भरणारे यंत्र हा असा लेखनिक आहे. त्याने जे पूर्वी पुष्कळ वेळा पाहिले त्याकडेच त्याचा कल. संभाव्य ते भरणे हेच त्याचे काम.

चालू खेळात याने फारसे बिघडत नाही, कारण तेथे निर्माता हजर असतो आणि खऱ्या दृश्याची बाकीची माहिती यंत्राला मिळत असते. जुन्या कृतींना हात लागतो तेव्हा गोष्ट बदलते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या खेळांची नवी आवृत्ती ‘डेफिनिटिव्ह’ म्हणजे निर्णायक, अशा नावाने आली. त्यांतल्या पुष्कळ जुन्या पाट्यांची लहान, धूसर चित्रे यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने मोठी केलेली होती. यंत्राला अक्षरे वाचता येत नव्हती, आकार तेवढे दिसत होते. त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवर चुकीची स्पेलिंगे उमटली. पोथी उतरवताना अर्थ न कळणाऱ्या लेखनिकाच्या हातून जे होते, अगदी तेच. त्याच आवृत्तीत ‘टफ नट डोनट्स’ नावाच्या दुकानावरचा नट हा आणखी बोलका. मूळ खेळात दुकानाच्या डोक्यावर लोखंडी षट्कोनी नट बसवलेला होता. त्यात नावावरची कोटी होती. नव्या आवृत्तीत तो कोपरे घासून गुळगुळीत, गोल झाला. कोणाला तरी, माणसाला वा यंत्राला, वाटले की ते कोपरे जुन्या यंत्राच्या गरिबीचे आहेत. कठीण पाठ गेला, सोपा पाठ आला, विनोद मेला. एवढ्यावरही आमची तक्रार सौम्य राहिली असती. पण नव्या आवृत्तीसाठी जुनी आवृत्ती विक्रीतून काढून घेतली होती. लोक संतापले तेव्हा ती परत आली. ग्रंथालयातली सारी जुनी पुस्तके उचलून त्या जागी नवे ‘सुबोध’ संस्करण ठेवावे, त्यातला हा प्रकार.

हे टाळता येते, याचा दाखलाही त्याच वर्षीचा आहे. ‘डायब्लो २’ २००० साली ६४० × ४८० मध्ये आला आणि २००१ च्या पुरवणीने त्याला ८०० × ६०० दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे नवे रूप आले, ४के पडद्यासाठी नव्याने घडवलेले. पण आत जुनाच खेळ चालू ठेवलेला आहे, त्यावर नवे चित्र पांघरलेले. एक कळ दाबली की नवे चित्र बाजूला सरते आणि जुने, खडबडीत, अंधारे दृश्य त्याच क्षणी त्याच जागी दिसते. नव्या रूपात राक्षसाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत. जुन्यात तेथे पाच-सहा बिंदू आहेत आणि बाकीचे खेळणाऱ्याने स्वतः भरायचे आहे. कोणते चित्र भीतिदायक, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल. पाठभेद डोळ्यांसमोर ठेवणारी ही आवृत्ती आहे, आणि एका व्यापारी संस्थेने ती काढली हेही नोंदवायला हवे.

जुन्या खेळांच्या रसिकांनी याहून निराळी वाट धरली आहे. सीआरटीचा पडदा कसा दिसे, ओळींमधला अंधार, लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी, कडांचे वितळणे, हे सारे नव्या पडद्यावर गणिताने उभे करणारी चाळणी ते वापरतात. २०२३ च्या अखेरीस आलेले रेट्रोटिंक-४के हे उपकरण ७५० डॉलरांना याच कामासाठी विकले जाऊ लागले. या चाळणीला एक अट आहे. जुन्या पडद्यावरच्या एका बिंदूचे मिसळणे आणि झिरपणे नीट दाखवायचे तर त्या एका बिंदूच्या जागी नव्या पडद्यावरचे बरेच बिंदू खर्ची पडतात. १०८०च्या पडद्यावर जाळी ओबडधोबड दिसते, ४के वर ती जमू लागते. सॉनिकच्या धबधब्यातले गज वितळून पुन्हा पाणी दिसावे एवढ्यासाठी ८३ लाख बिंदू कामाला लागतात.